माणसे नोकरी सोडतानाच का बोलतात? : कर्मचाऱ्यांचा अभिप्राय मिळवण्याविषयी

तुमचा प्रश्न मी असा समजून घेतला आहे : तुमच्या विभागात १८ माणसे आहेत, सूचनापेटी आहे, वर्षातून एकदा सर्वेक्षण होते आणि ‘कधीही येऊन बोला’ असे तुम्ही प्रत्येक बैठकीत आवर्जून सांगता. तरीही कोणी फारसे बोलत नाही. गेल्या वर्षभरात तिघांनी राजीनामे दिले आणि तिघांनीही शेवटच्या आठवड्यात अशा अडचणी सांगितल्या, ज्या त्यांना कितीतरी महिने जाचत होत्या. तेव्हा कर्मचाऱ्यांचे खरे मत जाणून घेण्याचा परिणामकारक मार्ग कोणता, असे तुम्ही विचारले आहे.

मार्ग अनेक आहेत आणि त्यांतल्या महत्त्वाच्या मार्गांविषयी मी पुढे सविस्तर लिहीत आहे. पण त्याआधी तुमच्याच अनुभवातील एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. त्या तिघांकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते, ते नेमक्या शब्दांत सांगताही येत होते आणि सांगण्याची इच्छाही होती. फक्त राजीनामा देईपर्यंत त्यांनी ते मनात ठेवले. प्रत्येक कर्मचारी तोंड उघडण्यापूर्वी मनाशी एक हिशेब करतो : बोललो तर माझे काय बिघडेल, आणि बोलून काही बदलणार आहे का? पहिल्या प्रश्नामागे भीती असते आणि दुसऱ्यामागे निरर्थकतेची भावना. व्यवस्थापनशास्त्राच्या संशोधक एलिझाबेथ मॉरिसन आणि फ्रान्सिस मिलिकेन यांनी २००० साली संस्थांमधील मौनावर जे लेखन केले, त्यातही हीच दोन कारणे ठळकपणे पुढे येतात. ही दोन्ही कारणे बाहेरून सारखीच दिसतात, कारण दोन्हींमुळे माणूस गप्प बसतो. त्यांवरचे उपाय मात्र अगदी वेगळे आहेत. भीती असेल तर बोलणाऱ्याचे नाव सुरक्षित ठेवावे लागते. निरर्थकता वाटत असेल तर नाव कितीही लपवले तरी उपयोग नाही; तिथे आधी सांगितलेल्या गोष्टीचे पुढे काय झाले, हे दाखवावे लागते. माझ्या अनुभवात व्यवस्थापक नेहमी भीतीचाच विचार करतात, आणि बहुतेक विभागांत पाणी मुरत असते ते दुसऱ्या ठिकाणी.

आता मार्गांविषयी. एकाच मार्गावर भर द्यायचा झाला तर मी समोरासमोरच्या नियमित भेटीवर देईन : प्रत्येकासोबत दोन आठवड्यांतून एकदा अर्धा तास. १८ माणसांसाठी म्हणजे आठवड्याला साधारण साडेचार तास लागतात. हा वेळ जास्त वाटत असेल तर महिन्यातून एकदा भेटा. पण ठरलेली भेट ऐन वेळी रद्द करू नका. तीनदा रद्द झालेल्या भेटीतून माणसाला जे कळते, ते पुढच्या दहा भेटींत पुसले जात नाही. या भेटीत कामाचा आढावा घेऊ नये, कारण आढावा सुरू झाला की माणूस उत्तरे देण्याच्या पवित्र्यात जातो आणि हातचे राखून बोलू लागतो. विषय त्याला निवडू द्यावा.

विषय त्याला निवडू देण्याचे महत्त्व फार पूर्वी लक्षात आले आहे. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात २१,००० हून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. सुरुवातीला मुलाखतकारांकडे ठरलेले प्रश्न होते : पर्यवेक्षण कसे आहे, कामाची जागा कशी आहे, इत्यादी. परंतु कामगार पुन्हा पुन्हा प्रश्न बाजूला सारून त्यांच्या मनात असलेल्या विषयाकडे वळत. तेव्हा पद्धतच बदलण्यात आली. कामगाराने विषय निवडायचा आणि मुलाखतकाराने मध्ये न बोलता ऐकायचे. परिणामी मुलाखतीचा सरासरी वेळ अर्ध्या तासावरून दीड तासावर गेला. यादी घेऊन बसणाऱ्या व्यवस्थापकाला यादीतल्याच प्रश्नांची उत्तरे मिळतात.

तरीही काहीतरी विचारून सुरुवात करावीच लागते, आणि इथे प्रश्नाची रचना फार महत्त्वाची ठरते. ‘सगळे ठीक चालले आहे ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले असते. ‘काही अडचण आहे का?’ हा प्रश्नही तितकाच निरुपयोगी, कारण ‘हो’ म्हणणारा माणूस अडचणीत सापडलेला दिसतो. प्रश्न कामाविषयी, नजीकच्या काळाविषयी आणि मोजता येण्यासारखा असावा. माझ्या हाताखाली एक अनुभवी सहकारी होत्या, ज्या कित्येक महिने दर भेटीत ‘ठीक आहे’ असेच सांगत. एकदा मी त्यांना विचारले, ‘गेल्या आठवड्यात असे कोणते काम होते, जे करताना हे कशासाठी करतो आहोत असे वाटले?’ त्या बऱ्याच वेळ गप्प राहिल्या. मलाही ती शांतता जड वाटू लागली होती, पण मी बोलणे टाळले. मग त्यांनी सांगितले की दर शुक्रवारी दुपारी तीन तास खर्च करून त्या एक तक्ता तयार करतात : चार वेगवेगळ्या फायलींमधून आकडे उचलायचे, हाताने जुळवायचे आणि एका ठरावीक पत्त्यावर मेल करायचे. ज्या अधिकाऱ्यासाठी तो तक्ता सुरू झाला होता, तो दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या विभागात गेला होता. मेल मात्र जात राहिला. आधी का सांगितले नाही, असे विचारल्यावर त्या सहज म्हणाल्या, ‘वर कुणाला तरी लागत असेल असे वाटले, आणि कुणी विचारलेही नव्हते.’ त्या घाबरलेल्या नव्हत्या, नाराजही नव्हत्या. त्यांच्यापर्यंत नेमका प्रश्नच पोहोचला नव्हता.

अशाच धर्तीचे आणखी काही प्रश्न मी वर्षानुवर्षे वापरत आलो आहे. कोणते काम दोनदा करावे लागले? कुणाच्या मंजुरीसाठी थांबून राहावे लागले आणि किती दिवस? नवीन माणूस तुमच्या जागी आला तर त्याला पहिल्या दिवशी कोणती गोष्ट समजावून सांगणे अवघड जाईल? शेवटचा प्रश्न मला विशेष आवडतो, कारण त्याचे उत्तर देताना माणूस तक्रार करत नसतो, कामाचे वर्णन करत असतो, आणि त्या वर्णनातच सगळे येते. प्रश्न विचारल्यावर किमान दहा सेकंद गप्प राहण्याची सवय लावून घ्या. भेटीच्या वेळी लॅपटॉप बंद ठेवा, नोंद करायची असेल तर वहीत आणि समोरच्याला दिसेल अशी करा, आणि पुढच्या भेटीची सुरुवात त्या नोंदीपासून करा.

गटातील चर्चेचे स्वरूप वेगळे असते. बैठकीत ‘कुणाला काही सांगायचे आहे का?’ असे विचारल्यावर पसरणारी शांतता आपण सर्वांनी अनुभवली आहे. पहिला बोलणारा, विशेषतः ज्येष्ठ असेल तर, सगळ्या चर्चेची दिशा ठरवतो आणि उरलेले त्याच्या मागून जातात. म्हणून आधी लिहून घ्यावे, मग बोलावे. प्रत्येकाने पाच मिनिटांत कागदावर दोन मुद्दे लिहायचे, कागद एकत्र करून मिसळायचे आणि कुणीतरी ते मोठ्याने वाचायचे. व्यवस्थापकाने सर्वांत शेवटी बोलावे. वर्षातून एक-दोनदा तर तुम्ही खोलीबाहेरच थांबावे. सहकाऱ्यांनी आपसात तासभर चर्चा करावी आणि त्यांनीच निवडलेल्या व्यक्तीने ‘आमच्या गटाचे म्हणणे असे आहे’ या स्वरूपात मुद्दे तुमच्यापर्यंत आणावेत. कोण काय म्हणाले, हे त्या व्यक्तीला कधीही विचारू नका.

सर्वेक्षणाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण यात होणाऱ्या चुका दिसत नाहीत आणि त्या वर्षभर भोवतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ साली मांडलेली ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ ही पाच पायऱ्यांची पद्धत आजही बहुतेक प्रश्नावल्यांत वापरली जाते आणि ती वापरायला सोपी आहे. पण विधान चुकीचे असेल तर पायऱ्यांचा काही उपयोग होत नाही. ‘माझे वरिष्ठ स्पष्ट सूचना देतात आणि माझे म्हणणे ऐकून घेतात’ या विधानात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूचना स्पष्ट मिळतात पण ऐकून घेतले जात नाही, अशा माणसाने कुठे खूण करायची? मग तो मधली पायरी निवडतो आणि तुम्हाला वाटते की त्याला काही विशेष मत नाही. सरासरीही अशीच दिशाभूल करते. ३ ही सरासरी सर्वांनी ३ दिल्यामुळे येऊ शकते, तशीच अर्ध्यांनी ५ आणि अर्ध्यांनी १ दिल्यामुळेही येऊ शकते. या दोन विभागांची अवस्था पूर्णपणे भिन्न असते, म्हणून सरासरीआधी उत्तरांची विभागणी पाहावी.

नाव गुप्त ठेवण्याबाबत तर काटेकोर प्रामाणिकपणा हवा. उत्तर कुणाचे आहे हे कुणालाच कळू शकत नाही, ही निनावी व्यवस्था. काहींना कळू शकते पण ते उघड करणार नाहीत, ही गोपनीय व्यवस्था. प्रत्येकाला स्वतंत्र लिंक पाठवून केलेले सर्वेक्षण बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि तसे सांगणेच योग्य. पाचपेक्षा कमी जणांच्या गटाचे निकाल वेगळे दाखवू नयेत, हा अनेक ठिकाणी पाळला जाणारा नियम आहे. १८ जणांच्या विभागात वय, पद आणि सेवेची वर्षे हे तीन प्रश्न एकत्र विचारले की जवळजवळ प्रत्येक जण ओळखू येतो; तुमच्या सर्वेक्षणात ते असतील तर काढून टाका. मी ज्यांच्यासोबत काम केले अशा एका अधिकाऱ्याने मोकळ्या उत्तरांतील भाषेवरून लिहिणारा ओळखला आणि पुढच्या बैठकीत हसत हसत त्याचा उल्लेख केला. त्याच्या मनात आकस नव्हता. पण पुढच्या वर्षी त्या विभागातून आलेल्या प्रश्नावल्यांत मोकळ्या उत्तरांची जागा कोरी होती, आणि ती भरून यायला कित्येक वर्षे लागली. लिहिणारा ओळखू आला तरी ते मनातच ठेवा.

प्रश्नावली लहान असावी. ज्या विषयात तुम्हाला बदल करता येणार नाही तो विषय विचारूच नये, कारण पगाराविषयी विचारून मग हात वर करणे हे न विचारण्यापेक्षा वाईट. तिमाहीला पाच-सहा प्रश्न आणि एक मोकळा प्रश्न पुरेसा आहे.

भीती खरोखरच मोठी असेल तर अभिप्राय गोळा करणारा आणि शिक्षा करू शकणारा हे दोन वेगळे असावे लागतात. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण विमान वाहतुकीतील आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे उतरणारे टीडब्ल्यूए कंपनीचे विमान डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९२ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत असे दिसले की सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच ठिकाणी, उतरण्याच्या परवानगीविषयीच्या तशाच गैरसमजातून डोंगराच्या फार जवळ गेले होते आणि थोडक्यात वाचले होते. त्या विमानाच्या वैमानिकांनी ते त्यांच्या कंपनीला कळवले, कंपनीने तिच्या वैमानिकांना सावध केले, पण ती माहिती इतरांपर्यंत पोहोचलीच नाही. त्यानंतर विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेने चुका कळवण्याची योजना आखली. मात्र जी संस्था परवाना काढून घेऊ शकते, तिच्याकडे स्वतःची चूक कोण कबूल करणार? म्हणून १९७६ पासून हे अहवाल घेण्याचे काम नासाकडे सोपवण्यात आले. तिथे अहवालातील ओळख पटवणारे तपशील काढून टाकले जातात, हेतुपुरस्सर नसलेली चूक दहा दिवसांच्या आत कळवणाऱ्याला दंडापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते, आणि आलेल्या अहवालांतील धडे मासिक पत्रकातून पुन्हा वैमानिकांपर्यंत पोहोचवले जातात. माहिती तिऱ्हाइताकडे जाणे, सांगणाऱ्याला संरक्षण आणि सांगितलेले परत पोहोचणे या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आहेत. तुमच्याकडे तिऱ्हाईत म्हणून मनुष्यबळ विभागातील कुणी, दुसऱ्या विभागाचा व्यवस्थापक किंवा बाहेरचा सल्लागार असू शकतो.

सूचनापेटीविषयी फार लिहीत नाही. तिची परंपरा जुनी आहे. स्कॉटलंडमधील डंबार्टन येथील डेनी जहाजबांधणी कंपनीने १८८० साली कामगारांच्या सूचनांसाठी बक्षीस योजना सुरू केली होती. ती योजना चालली, कारण तिथे प्रत्येक सूचना तपासून निर्णय देण्याची व्यवस्था होती. तुमच्या पेटीची किल्ली कुणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडली, हे आजच पाहा. पंधरा दिवसांत उत्तर देता येत नसेल तर पेटी काढून टाकणे जास्त प्रामाणिक ठरेल.

राजीनामा दिलेल्या व्यक्तीची मुलाखत घ्यावीच, पण तीच मुलाखत राहणाऱ्या माणसांचीही घेता येते. वर्षातून एकदा प्रत्येकाला विचारा : तुम्ही इथे का टिकून आहात, आणि गेल्या काही महिन्यांत नोकरी सोडण्याचा विचार मनात आला असेल तर तो नेमका कोणत्या दिवशी आला? ‘कोणत्या दिवशी’ या शब्दांमुळे उत्तर एखाद्या प्रत्यक्ष घटनेपाशी येऊन थांबते आणि त्या घटनेवर काहीतरी करता येते. सोडून गेलेल्यांशी तीन-चार महिन्यांनी पुन्हा बोलावे; निघताना राहिलेला राग किंवा संकोच तोवर निवळलेला असतो.

सर्वांत अवघड अभिप्राय स्वतःविषयीचा. एका बैठकीत मी मोठ्या उत्साहाने सहकाऱ्यांना विचारले होते की माझ्या कामाच्या पद्धतीत काय बदलावे. एका तरुण सहकाऱ्याने सांगितले की मी रात्री अकरा वाजता मेल पाठवतो, त्यामुळे सगळ्यांना त्याच वेळी उत्तर द्यावे लागेल असे वाटते. मी लगेच समजावून सांगू लागलो : दिवसभर बैठका असतात, रात्री शांतता मिळते, उत्तर सकाळी दिले तरी चालते. प्रत्येक कारण खरे होते. तो शांतपणे ऐकत राहिला, ‘बरोबर आहे’ म्हणाला आणि त्यानंतर जवळपास आठ महिने त्याने माझ्याविषयी एक शब्दही काढला नाही. त्याने एक गोष्ट सांगितली आणि मी ती चुकीची ठरवली, एवढेच त्याच्यापर्यंत पोहोचले होते. त्याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून मी एक नियम पाळतो : स्वतःविषयी काही ऐकल्यावर पहिले वाक्य आभाराचे, दुसरे ते नीट समजून घेण्यासाठी विचारलेला प्रश्न, आणि स्पष्टीकरण द्यायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी. विचारतानाही ‘माझ्याविषयी काय वाटते?’ असे न विचारता ‘मी करत असलेली कोणती एक गोष्ट थांबवली तर तुमचे काम सोपे होईल?’ असे विचारावे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही गोंधळणार नाही. वरील मार्ग नीट राबवले तर सुरुवातीला तक्रारी वाढतील. संस्थांमधील वर्तनाच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या रुग्णालयांतील पथकांच्या अभ्यासात असे आढळले की ज्या पथकांचे नेतृत्व चांगले होते, तिथे औषधोपचारातील चुकांची नोंद अधिक होती. त्या पथकांत चुका उघडपणे बोलता येत होत्या, हे त्यामागचे महत्त्वाचे कारण होते. तुमच्या वरिष्ठांनाही ही शक्यता आताच सांगून ठेवा.

सगळेच गुप्त ठेवण्याचे वचन मात्र देऊ नका. लैंगिक छळ, मारहाण, आर्थिक गैरव्यवहार किंवा जिवाला धोका असलेली बाब कानावर आली तर ती संबंधित यंत्रणेकडे नेणे तुमच्यावर बंधनकारक असते, आणि हे बोलणे सुरू होण्यापूर्वीच सांगितलेले बरे.

आलेल्या अभिप्रायाला उत्तर देण्याची माझी पद्धत साधी आहे. दोन आठवड्यांच्या आत सर्वांना लेखी कळवायचे : काय ऐकले, त्यातले काय करणार आणि कधीपर्यंत, काय करता येणार नाही आणि का. नकार सकारण असेल तर माणसे तो स्वीकारतात. जे त्यांना सहन होत नाही ते न आलेले उत्तर.

आता सुरुवात कुठून करावी? नवे सर्वेक्षण काढून तर नकोच. त्या तिघांनी जाताना सांगितलेल्या अडचणी तुमच्याकडे आहेत. विभागात उरलेल्या माणसांना त्या बहुधा ठाऊक आहेत, आणि तुम्हाला त्या कळल्या आहेत हेही त्यांना ठाऊक आहे. त्यांतली एक अशी निवडा, जी तुमच्या अधिकारात सोडवता येते. कुणाचे नाव न घेता या आठवड्यात सर्वांना सांगा की ही अडचण तुमच्यापर्यंत आली होती, ती आधीच लक्षात यायला हवी होती, आणि या महिन्याच्या अखेरीस ती दूर झालेली असेल. ती खरोखर दूर झाल्यावर समोरासमोरच्या भेटी सुरू करा.